ऐंशी हजार पीपीएम

चाकण एमआयडीसीत क्वालिटीत काम करणाऱ्या माणसाशी लग्न करू नये, असं माझी बायको तिच्या मैत्रिणींना सांगत असते. तिचं अगदीच चूक आहे असं नाही. मंडईत मी भेंडी एकेक मोडून बघतो. आमच्या भाषेत याला हंड्रेड पर्सेंट इन्स्पेक्शन म्हणतात. भाजीवाली तिच्या भाषेत काय म्हणते ते छापण्यासारखं नाही.

आमची कंपनी गाड्यांच्या मोठ्या कंपन्यांना छोटे छोटे ब्रॅकेट पुरवते. दहा लाख नगांमागे किती खराब निघाले, याचा आकडा म्हणजे पीपीएम. पन्नास झाले की ग्राहकाचा मेल येतो, शंभर झाले की ग्राहक स्वतः येतो. नाशिक रोडवर तळेगाव चौकातल्या वाहतुकीतून वाट काढत चाकणला पोचलेला माणूस काय मूडमध्ये असतो, ते ज्याने पाहिलंय तो पन्नासावरच सुधारतो.

त्यामुळे लेक झाली तशी मी तिची फाइल उघडली. जन्मतः बीसीजी, सहा-दहा-चौदा आठवड्यांचे डोस, नवव्या महिन्यात गोवर-रुबेला. प्रत्येक लसीच्या कुपीवरचं बॅच नंबरचं स्टिकर डॉक्टरांकडून मागून घेऊन कार्डावर चिकटवलेलं. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, ती आपल्या खिशातून घ्यावी लागते, एका डोसाला दोन हजारांच्या आसपास पडतात. मी दोन्ही डोस दिले. मग कार्ड लॅमिनेट केलं आणि त्याची एक्सेल शीट केली. झालेले डोस हिरवे, व्हायचे ते पिवळे, राहिले तर लाल. लाल घर कधी आलंच नाही. पाहुणे आले की लोक मुलांना कविता म्हणायला लावतात, मी शीट दाखवायचो.

2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडीकडे गोवराची साथ आली आणि आमच्याकडे कुदळवाडीतही रुग्ण सापडले, तेव्हा तर मला मोशीतल्या आमच्या सोसायटीत भावच आला. क्लबहाउसमध्ये मी लोकांना स्लाइड दाखवल्या. आपल्या देशात लस टोचून घेणारं पहिलं मूल म्हणजे अ‍ॅना डस्टहॉल नावाची तीन वर्षांची मुलगी, 14 जून 1802, मुंबई, देवीची लस, इथपासून सुरुवात केली. हडपसरच्या सीरमपर्यंत येईतो निम्मे लोक उठून गेले होते. उरलेल्यांना मी सांगितलं की लस घेतलेल्या मुलाला तो आजार होत नाही, विषय संपला. समितीच्या सेक्रेटरींनी माझे आभार मानले. ते वाक्य त्यांनी इतिवृत्तात घातलं, हे मला नंतर कळलं.

तर, पहिलीत असताना लेकीच्या पोटावर लाल ठिपके आले.

इंद्रायणीत जलपर्णी माजली की मोशीत डास होतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी ताबडतोब डासांबद्दल एक तक्रारअर्ज लिहायला घेतला, फोटोसकट. फोटो नीट यावा म्हणून प्रत्येक ठिपक्याभोवती बॉलपेननं गोल काढला आणि शेजारी नंबर टाकला. डिफेक्ट मार्किंग आम्ही असंच करतो. दुसऱ्या दिवशी अंघोळीच्या वेळी बायकोला बिननंबरचे ठिपके दिसले. अंगात किंचित ताप होता. तिनं अर्ज बाजूला ठेवायला सांगितला आणि आम्ही स्पाइन रोडला बालरोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो.

मॅडमनी फ्रॉक वर केला, बॉलपेनचे गोल पाहिले, माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही. "कांजिण्या आहेत," म्हणाल्या.

मी फाइल टेबलावर ठेवली. "मॅडम, शक्य नाही. दोन्ही डोस झालेत."

"झालेत ना. म्हणून तर एवढ्याशाच आहेत."

माझ्यासारख्या माणसाला असं उत्तर चालत नाही. माल खराब निघाल्यावर पुरवठादार म्हणाला की 'थोडाच खराब आहे', तर आम्ही त्याला काय करतो ते मी मॅडमना सांगितलं. मग मी फाइव्ह व्हाय सुरू केलं. लस उतरली का? का उतरली? साठवण चुकली का? ही लस दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, कुपीत पाणी मिसळल्यावर अर्ध्या तासात टोचावी लागते, हे मी वाचून आलो होतो. "तुमच्या फ्रीजचा टेंपरेचर लॉग बघायला मिळेल?" बायकोनं डोळे मिटून घेतले. बाहेर खोकणारी मुलं रांगेत बसली होती.

मॅडमनी कंपाउंडरला हाक मारून रजिस्टर आणवलं. सकाळ-संध्याकाळची नोंद, सही, वीज गेली तर किती वेळ गेली तेही. एकही रकाना रिकामा नाही, एकाही जागी पांढरी शाई नाही. आमच्या प्लँटच्या लॉगची मला आठवण झाली, जो आम्ही ऑडिटच्या आदल्या रात्री महिन्याभराचा एकदम भरतो, वेगवेगळ्या पेनांनी.

"आता ऐका," मॅडम म्हणाल्या. दोन डोस दिलेल्या शंभर मुलांना संसर्गाची गाठ पडली, तर ब्याण्णवएक जणांना काही होत नाही. उरलेल्यांना होतात, पण सहसा पन्नासाच्या आतच फोड, तेही धड न फुगलेले, ताप कमी. लस न घेतलेल्या मुलाला अडीचशे ते पाचशे. अमेरिकेत 1995 पासून एकच डोस देत होते. तिकडे सगळे टोचलेल्या शाळांतही साथी येऊ लागल्या, तेव्हा 2006 मध्ये दुसरा डोस जोडला. दोन डोस आहेत ते त्यामुळेच, डॉक्टरांचं बिल वाढावं म्हणून नाही.

हे शेवटचं त्यांनी आपण होऊन सांगितलं. मी काही तोंडानं बोललो नव्हतो.

मी मात्र खिशातलं कॅल्क्युलेटर काढलं होतं. शंभरात आठ नापास, म्हणजे दहा लाखांत ऐंशी हजार. ऐंशी हजार पीपीएम! आमच्याकडे असा पुरवठादार असता तर त्याचा माल गेटच्या आत आला नसता. हा आकडा मी मॅडमना मोठ्यानं वाचून दाखवला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमचा ब्रॅकेट खराब निघाला तर तो रात्री स्वतःहून दुरुस्त होतो का?" लेक तोवर त्यांच्या वजनकाट्यावर एका पायावर उभी राहून वजन निम्मं होतं का ते बघत होती.

ही लस ज्यानं केली त्या मिचिआकी ताकाहाशींची गोष्ट मला आधीपासून माहीत होती, कारण ती माझ्या स्लाइडमध्ये होती. 1964 मध्ये ते अमेरिकेत टेक्ससला संशोधनाला गेले असताना त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला शेजारच्या मुलीकडून कांजिण्या झाल्या, जबर झाल्या, मुलाचा श्वास अडकायला लागला. रात्र जागून काढलेल्या त्या बापानं जपानला परत जाऊन दहा वर्षांत लस तयार केली. मी माझ्या लेकीसाठी रात्र जागलो तेव्हा तक्रारअर्ज तयार केला. दोन बापांची तुलना करू नये, पण स्लाइड माझीच होती, त्यामुळे होते.

बाहेर पडताना मॅडमनी सहज विचारलं, "तुम्हा दोघांना होऊन गेल्यात ना? नसतील तर तीन ते पाच दिवसांच्या आत लस घेतली तर मोठ्यांनाही उपयोग होतो. मोठेपणी जड जातात."

बायकोनं कपाळावरचा खड्डा दाखवला. तो तिचा दाखला. मी हसलो. "मॅडम, मला तर लहानपणी असल्या आल्या होत्या की विचारू नका." आणि विचारलं नसताना मी सांगितलं. बार्शीचं घर, पडवीतली खाट, उशाशी कडुलिंबाचा पाला, अंगभर फोड आलेला मुलगा, आई पाल्याच्या डहाळीनं वारा घालतेय. इतकं स्वच्छ दिसतं मला. ती खाट, त्या मुलाचा चेहरा, सगळं समोरून दिसतं. आपण खाटेवर पडलो असताना आपला चेहरा आपल्याला समोरून कसा दिसतो, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. रूट कॉज शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे.

लेकीचं आजारपण म्हणजे सुट्टीच होती. ताप दुसऱ्याच दिवशी उतरला. ठिपके तिशीच्या आत राहिले, त्यातले निम्मे फोड होण्याच्या भानगडीत न पडता तसेच विरले. तिच्या वर्गात एकामागून एक मुलं आडवी होत होती. ही लस सरकारी कार्यक्रमात नाही आणि दोन हजार ही रक्कम काही प्रत्येकाकडे जास्तीची नसते, त्यामुळे दर वर्षी शाळेत कांजिण्यांना खेळायला भरपूर मैदान मिळतं. खपल्या धरेपर्यंत शाळेत पाठवायचं नव्हतं. आईनं बार्शीहून फोनवर सूचना दिल्या: घरात फोडणी बंद, मांसमच्छी बंद, बिछान्यात कडुलिंबाचा पाला. आमच्या भागातले सगळे नवे टॉवर. बागेत परदेशी पाम आहेत, वीस मजले आहेत, कडुलिंब नाही. शेवटी वॉचमननं हायवेलगतच्या एका झाडाची डहाळी आणून दिली. लेकीनं तिची झोपडी केली आणि तीत बाहुल्यांना टोचलं.

ज्याला लस मिळाली आहे आणि तरी आजार झालाय, अशा मुलाकडून संसर्ग पसरण्याची शक्यता एरवीच्या एक तृतीयांशच असते. फोड पन्नासाच्या आत असतील तर. हेही मला मॅडमनीच सांगितलं, पण फार नंतर, आणि माझ्याकडे निरखून बघत. म्हणजे माझ्या अंगावर जे आलं ते दुबळ्यातलं दुबळं होतं. मी तेही सोडलं नाही.

दोनएक आठवड्यांनी मी सेकंड शिफ्टला होतो. दुपारपासून कंबर दुखत होती, डोकं जड होतं. मी ते ग्राहकाच्या येऊ घातलेल्या ऑडिटच्या खात्यावर टाकलं. प्रेस शॉपमध्ये एका ऑपरेटरला मी बर कशी दिसते ते दाखवत होतो. बर म्हणजे पत्रा कापल्यावर कडेला राहते ती बारीक कुसळ. तो मात्र ब्रॅकेटकडे न बघता माझ्या मानेकडे बघत होता. बिहारकडचा पोरगा, वर्षभरात माझ्याशी कामाशिवाय अवाक्षर बोलला नव्हता. त्यानं हातमोजे काढले, दोन पावलं मागे सरला आणि हात जोडले.

"साहब, आपको तो माता निकली हैं। छोटी माता।"

पंधरा वर्षांच्या नोकरीत शॉप फ्लोअरवर मला कुणी हात जोडल्याची ही पहिलीच वेळ, आणि तेही मला नव्हते. टॉयलेटच्या आरशात शर्टाचं बटण काढून पाहिलं. सरळ आईला फोन लावला.

"आई, मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या ना गं?"

"तुला? नाही रे. दादाला. तुला दारातनं एकदा बघू दिलं आणि संध्याकाळच्या गाडीनं मामाकडं धाडलं. आंबे खाऊन पोट बिघडवून आला होतास. का रे?"

कांजिण्या मोठेपणी जड जातात म्हणजे काय, हे ज्यांना अनुभवानं कळायला नको त्यांच्यासाठी थोडं लिहितो. वैद्यकाच्या पुस्तकांत या फोडाला गुलाबाच्या पाकळीवरचा दवबिंदू म्हणतात. ज्यानं हे लिहिलं त्याला टाळूवर, पापणीच्या कडेला आणि जिथं माणूस बसतो तिथं दवबिंदू आले नसावेत. त्यात ते एकदम येत नाहीत, लॉटमध्ये येतात. माझ्या पाठीवर एकाच वेळी कच्चा माल, अर्धवट माल आणि तयार माल असे तिन्ही स्टॉक होते, आणि वरून इनवर्ड चालूच. डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, कारण मोठ्यांना यात न्यूमोनिया होऊ शकतो. मग असायक्लोव्हिर लिहून दिलं: 800 मिलिग्रॅमच्या, दिवसातून पाच. "पुरळ उठल्यापासून चोवीस तासांत आलात, बरं झालं," ते म्हणाले. ते श्रेय त्या ऑपरेटरचं.

मला मात्र अँटिबायोटिकही हवं होतं. ते डॉक्टर देईनात, तेव्हा मी खिडकीतून शेजारच्या काकांना हाक मारली. काका पिंपरीच्या एच. ए. कंपनीतून निवृत्त. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स म्हणजे 1954 साली डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या मदतीनं सरकारनं उभारलेला कारखाना. पिंपरीचा पिंपरी-चिंचवड व्हायच्या कितीतरी आधी इथं पेनिसिलिन होत होतं. त्यांच्याकडे एखादी जुनी पट्टी असेल अशी माझी अटकळ.

काका गॅलरीतूनच म्हणाले, "अरे, मी आयुष्यभर पेनिसिलिन भरलं. ते जंतूवर चालतं, विषाणूवर नाही. आम्ही कांजिण्या झाल्यावर ते घेतलं असतं तर साहेबानं चोरी म्हणून पकडलं असतं." आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. त्यांना होऊन गेल्या होत्या, तरी लावलं.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला: 'बी विंगमधील एका सदस्यास कांजिण्या झाल्या असून लहान मुलांनी काळजी घ्यावी.' खाली कुणीतरी विचारलं, मुलाचं वय काय? सेक्रेटरींनी 'एकोणचाळीस' असं उत्तर दिलं आणि त्याखाली माझ्या गोवराच्या व्याख्यानाचं इतिवृत्त जोडलं. अठ्ठावीस अंगठे आले. एचआरला रजेचा अर्ज पाठवला, तर तिथल्या मुलीनं 'कृपया आश्रितांच्या आजारासाठी वेगळा फॉर्म वापरावा' असं परत पाठवलं. मॅनेजरनं फोन करून धीर दिला. "आराम कर," म्हणाला, "आणि दूध पिऊन झोप."

ऑडिट पुढं ढकललं गेलं नाही. ग्राहकाची चार माणसं चाकणला आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये आणि मी मोशीत, अंगावर सुती लुंगी, चेहऱ्यापासून बेंबीपर्यंत गुलाबी कॅलामाइन, कॅमेरा बंद. मागच्या महिन्यातल्या तक्रारीवर मी बोलत होतो. 'दोष निर्माणच होऊ नये अशी प्रतिबंधक योजना' या स्लाइडवर होतो, तेवढ्यात लेकीनं लॅपटॉपचं एक बटण दाबलं. पलीकडे शांतता पसरली. ग्राहकाच्या क्वालिटी हेडनं चष्मा पुसला. शेवटी तो एवढंच म्हणाला की सरफेस फिनिशबद्दलचा मुद्दा आपण पुढच्या वेळी घेऊ.

या सगळ्यात मोठी चंगळ लेकीची झाली. तिची शाळा सुरू झाली होती, पण घरी आली की ती दप्तर टाकायची आणि कापसाचा बोळा घेऊन माझ्या पाठीवर बसायची. तिला आता संसर्गाची भीती नाही, असं मॅडमनी सांगितलं होतं. मी तिचे ठिपके मोजले होते, तेव्हा माझे ती मोजणार, हा न्याय. प्रत्येक फोडावर कॅलामाइनचा एक टिपका, मग आकडा. पहिलीत शंभरपर्यंतच शिकवलं आहे. शंभर झाले की ती क्षणभर थांबायची, बोळा बदलायची आणि परत एकपासून सुरू करायची. "बाबा, तुझ्यात किती शंभर आहेत?" मी म्हटलं, लस घेतली नाही की एवढे असतात. "मग तू का नाही घेतलीस?" मी तिला दुसरीचं गणित केव्हा सुरू होणार ते विचारलं.

मॅडमकडे लेकीच्या फिटनेसच्या दाखल्याला गेलो होतो, तेव्हा माझ्या खपल्या अजून पडायच्या होत्या, म्हणून मी बाहेर रिक्षात बसलो. त्या स्वतः बाहेर आल्या. लेकीला माझ्या शेजारी बसवली, एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. तुमच्याकडे पास-नापासाचे नमुने तक्त्यावर लावून ठेवतात ना, त्यांनी विचारलं. मी म्हटलं हो, लिमिट सॅम्पल म्हणतात. "हं," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. जाता जाता मात्र सांगून गेल्या की हा विषाणू अंगातून जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठू शकतो. मी एक्सेलमध्ये माझ्या नावाची एक शीट उघडली आणि त्यात 'नागीण' असं पिवळं घर केलं.

बाकीची घरं भरायला आईला फोन लावला. माझं लसीचं कार्ड बार्शीत कुठल्या पत्र्याच्या पेटीत आहे, की नाहीच, याचा पत्ता नव्हता. दंडावरची देवीची खूण आईच्या आहे, माझ्या नाही. मी जन्मलो तोवर देवी जगातून संपल्या होत्या. पण गोवर, गालगुंड, डांग्या खोकला यांचं काय? मी पेन घेऊन बसलो.

"गोवर?"

"तो दादाला."

"गालगुंड?"

"दादालाच. गाल असा टम्म झाला होता, तू हसत होतास."

"डांग्या खोकला?"

"तो शेजारच्यांच्या बाळूला."

"मग मला काय झालं होतं, आई?"

ती जरा वेळ आठवत राहिली.

"तुला ना," आई म्हणाली, "खरूज झाली होती."